जावयाच्या घरी

१० जानेवारी १९५४, रविवार

आज या घरात पहिल्यांदा कुणी हसलं, आणि मला राग आला.

नलिनीला जाऊन तीन महिने होत आले. दुर्गापूजेचे ढाक, इथले ढोल, वाजत होते तेव्हा ती विषमज्वरानं गेली. तेव्हापासून आम्ही चौघं, म्हणजे मी, हेमा, लीना आणि धाकटा श्याम, एकमेकांना धक्का लागू नये अशा बेतानं घरात वावरतो. दिवाळीनंतर नागपूरहून सासूबाई आल्या. "पोरांची घडी बसली की जाते," म्हणाल्या. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा न पिणाऱ्या पिढीतल्या बाई. नलिनी होती तेव्हा एकदाही कलकत्त्याला आल्या नाहीत. ती गेली, आणि आता आल्या.

माझ्याशी त्या सरळ बोलत नाहीत. जावयापुढे उभं राहायचं नाही, तोंड वर करून बोलायचं नाही, ही त्यांची रीत. काही विचारायचं असलं की म्हणतात, "हेमे, बाबांना विचार, भाजी कोणती करू?" मी समोरच बसलेलो असतो. मी म्हणतो, "आजीला सांग, कोणतीही चालेल." हेमा बिचारी मध्ये उभी राहून नुसती मान इकडून तिकडे फिरवते.

तर आज सकाळी बाजारातून आलो, तेव्हा सासूबाई बैठकीच्या दारात उभ्या होत्या. डोक्यावरून पदर ओढलेला, नजर जमिनीकडे, आणि खुंटीवर टांगलेल्या माझ्या ओव्हरकोटाला सांगत होत्या, "थंडी फार आहे. पोरांना सकाळी बाहेर नेऊ नका. आणि तुम्ही नीट जेवत नाही, ताटात तसंच टाकता, हे काही बरं नाही."

मुलं मागून बघत होती. आधी लीना फुटली. मग श्याम हसता हसता जमिनीवर लोळायला लागला. सासूबाईंनी पुढे होऊन कोटाची बाही चाचपली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगबाई! तरीच म्हटलं, जावईबापू आज इतकं ऐकून कसे घेऊन राहिले!" मग त्याच सगळ्यांत जास्त हसल्या.

मी पिशवी ठेवली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नलिनीच्या घरात इतक्या लवकर हसू यावं?

एक मात्र खरं. इतक्या दिवसांत त्या माझ्याशी जेवढं बोलल्या नाहीत, तेवढं आज कोटाशी बोलल्या.

१४ जानेवारी, संक्रांत

वर्षाच्या आत सण करायचा नाही, असं मी हेमामार्फत कळवलं होतं. हेमामार्फतच उत्तर आलं: सण करत नाही, पोरांच्या हातावर गोड ठेवते.

संध्याकाळी ऑफिसातून आलो तर तिळाच्या लाडवांची ताटली तयार. तोंडात घातला, तर कचकच आणि भलतीच चव. तिळाच्या जागी पोस्तो घातला होता. इथे घरोघरी भाजीत घालतात ती खसखस, आमच्याही मांडणीवर डबा असतो. नलिनी बटाटे करायची त्याचे.

"डबा मी दिला," हेमा घाईघाईनं म्हणाली. "माझी चूक झाली."

मी तिला बोललो. अकरा वर्षांची मुलगी, तीळ आणि खसखस ओळखू येऊ नये? सासूबाई काही तरी सांगायला गेल्या, पण हेमानं त्यांचा हात घट्ट धरला होता.

शेजारच्या लाहिरी माशीमा आल्या होत्या. त्यांनी एक लाडू खाल्ला, मग दुसरा घेतला, "ओ मा, की शुंदोर!" म्हणाल्या आणि कृती विचारून गेल्या. आता गल्लीभर होणार की मराठी लोक संक्रांतीला पोस्त्याचे लाडू करतात. लीना दारोदार "पोस्तोगूळ घ्या, गोड बोला" करत हिंडली. मी हसलो नाही. पण ओठ चावावा लागला, हे लिहून ठेवतो.

२ फेब्रुवारी

मुलांचं मराठी सुधारण्याचं सासूबाईंनी मनावर घेतलं आहे. इथे जन्मलेली मुलं, दिवसभर बंगाली बोलतात. "आजी, पाणी खाणार?" असं लीना विचारते. सासूबाई म्हणतात, "खाते की. कापून आण." परवा श्याम झोपेतून उठला आणि म्हणाला, "आई कुठे गेला?" ते मात्र कुणी सुधारलं नाही.

हेमाला त्या रोज पोथी मोठ्यानं वाचायला लावतात. स्वतः पोथी हातात घेत नाहीत, डोळे मिटून ऐकतात. ही गोष्ट मला पसंत आहे.

एक चमत्कारिक सवय आहे त्यांना. सकाळी उन्हात खिडकीशी बसतात आणि एकेका पोराला हनुवटी धरून जवळ ओढतात. बराच वेळ तोंड न्याहाळतात. कपाळ, भुवया, कान. लीना कंटाळते. म्हणाली, "बाबा, तुम्ही गोदीत पेट्या उघडून बघता ना, तसं आजी आम्हाला बघते." खिदिरपूरला कस्टम्समध्ये मी काय करतो, हे तिला इतकं ठाऊक असेल असं वाटलं नव्हतं.

दुपारी माशीमा येतात. त्यांना मराठी येत नाही, यांना बंगाली येत नाही. तासन्‌तास बोलतात. काय बोलणं झालं म्हणून लीनानं दोघींना वेगवेगळं विचारलं. आजी म्हणाली, माशीमांच्या सुनेच्या बाळंतपणाचं. माशीमा म्हणाल्या, नागपूरच्या संत्र्यांचं.

२७ फेब्रुवारी

हेमाचा शाळेचा निकाल वाईट आला. गणितात जेमतेम. बाईंनी लिहिलं आहे, लक्ष नसतं. नसणारच. घरात ती सारखी आजीच्या मागे. आजी उठली की ही आधी धावते, वाटेतला पाट उचलते, बादली बाजूला करते. सुईत दोरा हीच ओवते, तांदूळ हीच निवडते. मी आज स्पष्ट सांगितलं, "आजी काय काचेची आहे? तिला तिची कामं करू दे. तू पुस्तक घे."

हेमा रडली. नलिनीसारखीच, मनातलं मनात ठेवते. नलिनीनं निदान तापाचं तरी आधी सांगायला हवं होतं. दोन दिवस अंगावर काढला तिनं.

१४ मार्च

आज सासूबाई माझ्याशी बोलल्या. हेमाला माशीमांकडे पाठवून दिलं आणि दाराआडून म्हणाल्या, "चारुदत्तराव, एक बोलायचं होतं."

मी वर्तमानपत्र खाली ठेवलं.

"बराकपूरला एक मुलगी आहे. शकुन नाव. शाळेत शिकवते. वडील लष्करी कचेरीत होते. मुलगी तिशीची आहे, समजदार आहे असं ऐकते. हाजरा रोडच्या आपल्या मराठी मंडळींच्या हळदीकुंकवाला पोरींना घेऊन माशीमा गेल्या होत्या, तेव्हा लीना तिच्याच मांडीवर जाऊन बसली म्हणे."

मला क्षणभर कळेचना. मग कळलं. "आई," मी म्हणालो, "नलिनीला अजून सहा महिने झाले नाहीत."

"मला ठाऊक आहे. माझ्या पोटची होती ती."

"मग तुमच्यानं हे बोलवतं कसं?"

मग म्हणाल्या, "मला घाई आहे, चारुदत्तराव. निदान एकदा भेटा तिला."

मी नाही म्हणून सांगितलं, जरा मोठ्यानंच. त्यावर त्या "बरं" म्हणाल्या आणि आत गेल्या. आत काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला, पण मी उठलो नाही.

घाई आहे! कंटाळल्या असतील. नागपूरला मुलगा आहे, सून आहे, आपलं घर आहे. परक्या गावात लेकीच्या पोरांचं करायचं किती दिवस? सरळ तसं म्हणाव्या. पण स्वतःच्या मुलीची जागा भरून द्यायची, एवढ्या लवकर, हे मला कधी समजणार नाही.

११ एप्रिल, रविवार

सगळं लिहीन म्हणजे शांत वाटेल.

सकाळी सासूबाई लेक मार्केटला निघाल्या. हेमा नेहमीप्रमाणे चपला घालून तयार. मी म्हणालो, "तू गणिताला बस. श्याम जाईल आजीबरोबर." हेमा म्हणाली, "बाबा, मला जाऊ द्या." मी म्हणालो, नाही. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं, तेव्हा ओरडलो.

तासाभरानं सासूबाई परत आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात एका मुलाचा हात. दारात लीना होती. ती म्हणाली, "आजी, हा कोण?"

गोरा, गुबगुबीत, कुरळ्या केसांचा मुलगा. श्याम नव्हता. आमच्याकडे टकमका बघत होता आणि हातातला बिस्किटाचा तुकडा चोखत होता. खोटं कशाला बोलू, लीना हसली आणि मलाही हसू फुटलं, एक क्षणभर. मग लक्षात आलं की श्याम नाही.

मी जिन्यावरून धावत सुटलो. रासबिहारी अव्हेन्यूवर ट्रामच्या घंटा ऐकू येत होत्या आणि प्रत्येक घंटेला मी रुळांकडे बघत होतो. बाजारात तोबा गर्दी. श्याम, श्याम म्हणून ओरडत मी कितीदा इकडून तिकडे गेलो, आठवत नाही. शेवटी एका मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर तो बसलेला दिसला. दुकानदारानं हातात एक संदेश मिठाई दिली होती. बाजूला एक बाई "खोका, खोका", म्हणजे बाळा, बाळा, करून हंबरडा फोडत होती, आणि श्याम तिला सांगत होता, तुमच्या खोकाला आमची आजी घेऊन गेला.

त्या बाईला घेऊन घरी आलो. तिनं तिचं मूल उचललं आणि शिव्या देत निघून गेली.

मग मी सासूबाईंपुढे उभा राहिलो. दाराआडून नाही, समोर. म्हणालो, "ट्रामखाली गेला असता. पोराचा हात सुटला, दुसऱ्याचा धरला, तेही कळू नये? डोळे फुटले होते का तुमचे?"

त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, "हो, चारुदत्तराव."

उलट उत्तर दिल्यासारखं एवढंच बोलून त्या भिंतीला हात लावत आत गेल्या. हेमा माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणी परकाच आहे.

१२ एप्रिल

ऑफिसला गेलो नाही. सकाळी हेमा माझ्या खोलीत आली आणि उभ्याउभ्या म्हणाली, "बाबा, आजीला दिसत नाही."

"म्हणजे?"

"मधलं थोडं दिसतं. नळीतून बघावं तसं. बाजूचं काहीच नाही. संक्रांतीच्या आधीच मला कळलं. तिनं शपथ घातली होती, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. तुम्हाला कळलं तर मामाला तार कराल आणि मामा तिला घेऊन जाईल."

मी विचारलं, "तो खसखशीचा डबा तू दिला नव्हतास?"

तिनं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "काल मला जाऊ दिलं असतंत तर काही झालं नसतं." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं. नलिनी गेल्यापासून तिला जवळ घेतलं नव्हतं, हे घेतल्यावर कळलं. तिचे खांदे इतके हडकुळे झाले आहेत.

आता सगळं डोळ्यांसमोर येतं आहे. ओव्हरकोट. पोथी. वाटेतले पाट. आम्ही सगळे जिच्यावर हसत होतो ती गोष्ट ही होती. आणि त्या आमच्याबरोबर हसत होत्या.

२० एप्रिल

धर्मतल्ल्याच्या डॉक्टरांकडे सासूबाईंना घेऊन गेलो. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली फार तर पावसाळाभर. डॉक्टर मला इंग्रजीत हे सांगत होते तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टरांना उगाच दमवू नका. हेच मला नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. निघायच्या आधी."

येताना ट्रामला गर्दी नव्हती. त्या खिडकीशी बसल्या, मी शेजारी. जावयाच्या शेजारी बसायची त्यांची पहिलीच वेळ असावी. बाहेर बघत म्हणाल्या, "नलूला शेवटचं पाहायला मिळालं नाही. तार आली तेव्हा सगळं संपलं होतं. मग डॉक्टर म्हणाले, हे असं आहे. म्हटलं, निदान तिची पोरं डोळे भरून पाहून घ्यावी. श्यामच्या भुवया तिच्या आहेत. लीनाचं कपाळ. हेमाचा तर आवाजच. आवाजाची काळजी नाही, तो राहील. तोंडं पाठ करून ठेवत होती मी."

ट्राम एका थांब्यावर थांबून पुन्हा निघाली.

"आणि ती बराकपूरची... मला आंधळी झालेली पाहून आमचा दत्तू नागपूरला नेल्याशिवाय राहणार नाही. जायच्या आधी पोरांना कुणाच्या तरी ओटीत घालून जावं म्हणून घाई होती. तुम्हाला राग आला. येणारच."

"आई, त्या दिवशी मी जे बोललो..."

"खरं तेच बोललात की." त्या चक्क हसल्या. "लोक आंधळ्याला आंधळं म्हणायला घाबरतात. तुम्ही नाही घाबरलात."

त्या हसल्या आणि मी तोंड फिरवून रुमाल काढला. कंडक्टर तिकिटासाठी उभा होता, तो पुढे निघून गेला.

९ मे

दत्तात्रय येऊन चार दिवस झाले. माझा मेव्हणा, नागपूरला शाळेत शिकवतो. भला माणूस. मीच कळवलं होतं, लपवून ठेवणं बरं नव्हे म्हणून. हेमानं त्याबद्दल मला अजून माफ केलेलं नाही. आज दुपारच्या गाडीनं तो आईला नेणार होता.

सकाळी सासूबाईंनी ट्रंक भरली. मग खिडकीशी बसून एकेका पोराला जवळ बोलावलं. तिघांचं झालं, तेव्हा म्हणाल्या, "चारुदत्तराव, तुम्ही पण या."

मी म्हणालो, "मी?"

"लग्नात तुमच्या तोंडावर मुंडावळ्या होत्या. पुढं मी मान वर केली नाही. इतक्या वर्षांत तुमचे पाय तेवढे पाहिले. नलूचा नवरा कसा आहे, ते मला बघू द्या."

दत्तात्रय अवघडून बाहेर गेला. मी उकिडवा बसलो. त्यांनी माझ्या हनुवटीला बोट लावलं, तोंड उजेडाकडे वळवलं. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर हळूहळू फिरत होते, एखादी गोष्ट शोधावी तसे.

मग त्या म्हणाल्या, "नलू पहिल्या मंगळागौरीला आली होती तेव्हा म्हणाली होती, 'आई, नाक मोठं आहे गं.' मला वाटलं पोरगी वाढवून सांगते. नाही. कमीच सांगितलं तिनं."

मी हसलो. नलिनी गेल्यानंतर मी आज पहिल्यांदा मोकळेपणानं हसलो, आणि एकदा सुरू झाल्यावर मला थांबता येईना. मुलंही हसायला लागली. मग माझं हसणं कुठे संपलं आणि दुसरं काही कुठे सुरू झालं, मला कळलं नाही. श्याम माझे डोळे पुसत म्हणाला, "बाबा, हसा ना परत."

निघायची वेळ झाली आणि दत्तात्रयचा एक जोडा सापडेना. खाली टॅक्सी उभी. दत्तात्रय कोट-टोपी घालून, एका पायात जोडा आणि एका पायात मोजा, घरभर शोधतो आहे. पलंगाखाली, कपाटावर, तांदळाच्या डब्यात. लीना आणि श्याम मोठ्या उत्साहानं मदत करत होते, आणि जिथे नाही हे ठाऊक होतं अशा सगळ्या जागा दाखवत होते. मी बाहेर आलो तर जिन्यावर माशीमा पदर अंगाभोवती लपेटून बसलेल्या. "जुता? आमि की जानि!" म्हणाल्या. मला काय ठाऊक! पदराखालून जोड्याचं टोक दिसत होतं.

मी ते पाहिलं आणि घरात परत आलो. म्हणालो, "तिथे नाही."

गाडी गेली. दत्तात्रय खुर्चीत बसला. जरा वेळानं गंभीरपणे म्हणाला, "आई, मुलगा असताना तू जावयाकडे राहायचं, लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांग, जोडा सापडला नाही," सासूबाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज बदलला. "दत्तू, तिकडे मला बघणारे पुष्कळ आहेत रे. पण इथं मला ज्यांना बघायचं आहे ते आहेत. दिसो न दिसो."

दत्तात्रयनं पायातला एकुलता जोडा काढून बाजूला ठेवला. त्यालाही बहीण गेली आहे, हे मी विसरलोच होतो. शेवटी म्हणाला, "मग आता जेवायला तरी वाढ. एका पायावर फार नाचलो."

१८ जुलै

बरेच दिवस लिहिलं नाही. घरात सारखी धांदल. श्याम इंजिन झालेला असतो आणि आजी त्याच्या सदऱ्याचं टोक धरून मागून डबा. शिट्टी वाजवत स्वयंपाकघरात जातात. काल वळणावर इंजिन थांबलं आणि डबा इंजिनावर आदळला. दोघंही खाली बसून हसत होती. हेमाला गणितात बरे गुण मिळाले. बराकपूरचं सासूबाईंनी पुन्हा काढलं नाही. मीही नाही.

आज दुपारी पाऊस उघडला होता. चांगलं ऊन पडलं होतं, आजी नेहमीच्या जागी बसल्या होत्या. म्हणाल्या, "हेमे, खिडकी उघड गं. आभाळ भरून आलेलं दिसतं. केवढा अंधार करून ठेवलाय."

खिडकी उघडीच होती. ऊन त्यांच्या मांडीवर पडलं होतं.

आम्ही सगळे जिथल्या तिथे थांबलो. मग हेमा उठली, खिडकीची दारं हलकेच मिटली आणि आवाज करून पुन्हा उघडली. "उघडली, आजी," म्हणाली.

आजींनी मांडीवरच्या उन्हावर हात ठेवला. तो तिथेच राहू दिला. थोड्या वेळानं म्हणाल्या, "ऊन आहे ना गं?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "ये, पोथी घे."

विजयादशमी

यंदा ढाक वाजायला लागले तेव्हा मला वाटलं, कानात बोळे घालून बसावं. मुलांचीही तोंडं उतरली होती. लीनाला तर आई ढाक वाजतात म्हणून गेली असंच वाटतं. सासूबाई म्हणाल्या, "चला, मला देवी बघायची आहे." त्या असंच म्हणतात, बघायची आहे.

गल्लीच्या टोकाला मांडव आहे. आज निरोपाचा दिवस. मुलं आजीला मूर्ती सांगायला लागली. लीना म्हणाली, असुर हिरवा आहे. श्याम म्हणाला, निळा. त्यावरून भांडण जुंपलं, मारामारीवर आलं. आजी म्हणाल्या, "असू द्या रे, मार खाऊन असाच रंग होतो." ढाकवालाही हसला, त्याला काही कळलं नसावं.

माशीमा इतर बायकांबरोबर वर चढल्या. विड्याच्या पानानं त्यांनी देवीचं तोंड पुसलं, ओठांना संदेश लावला, कानाशी काहीतरी बोलल्या. सासूबाईंनी विचारलं, "काय करून राहिल्या?"

मी सांगितलं. इथली समजूत अशी की देवी चार दिवस मुलाबाळांना घेऊन माहेरी येते. आज सासरी निघाली. म्हणून बायका तोंड गोड करतात आणि सांगतात, पुढच्या वर्षी परत ये.

सांगून टाकल्यावर वाटलं, सांगायला नको होतं.

सासूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मागच्या दिवाळीला नलूला बोलावलं होतं मी. पोरांना घेऊन येते म्हणाली होती. बेसन भाजून ठेवलं होतं." एवढंच.

माशीमा खाली आल्या. संदेशाचा उरलेला तुकडा त्यांनी सासूबाईंच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटली. सासूबाईंनी तो खाल्ला नाही. मूठ तशीच पदरात धरून ठेवली.

मग मूर्ती लॉरीवर चढवली. आरडाओरडा झाला, ढाक घुमले, मुलं लॉरीमागे थोडी धावत गेली, हेमा त्यांना आवरायला. गर्दी पांगली. मी आणि सासूबाई कडेला उभे होतो. त्यांनी माझा दंड धरला होता.

"निघाली?"

"निघाली."

"पाठमोरी दिसत असेल ना अजून?"

मी रस्त्याकडे पाहिलं. लॉरी कोपऱ्यावरून केव्हाच वळली होती. रस्त्यावर फुलं पडली होती, आणि हेमा धाकट्या दोघांना दोन हातांना धरून परत येत होती.

"दिसते आहे," मी म्हणालो.

त्या तोंड तिकडे करून उभ्या राहिल्या. मीही राहिलो. मुलं जवळ आली, आमच्या शेजारी उभी राहिली. श्यामनं काही विचारायला तोंड उघडलं, तेव्हा हेमानं त्याला जवळ ओढून घेतलं.

बऱ्याच वेळानं सासूबाईंनी विचारलं, "आता?"

"अजून दिसते आहे, आई."